टिचबटणांचा गाऊन

वहिनीनं उशी डाव्या हातावर घेतली, तिचं टोक कोपरात नीट टेकवलं आणि उजव्या हातानं गाऊनची बटणं काढायला लागली. पहिलं बटण निघालं. दुसऱ्याशी झटापट झाली. तिसऱ्यापर्यंत उशी घसरून जमिनीवर.

"पडलं बाळ," वहिनी म्हणाली. "हर्षदा, तुझा गाऊन नापास."

गाऊन माझा होता, आमच्या ह्यांनी पुण्याहून हौसेनं आणलेला. गुलाबी, गळ्याला लेस, आणि गळ्यापासून कमरेपर्यंत बारीक बारीक बटणं. मला राग आला. मी म्हटलं, बाळ काय उशीसारखं गप्प पडून राहणार आहे का? तर म्हणते कशी, नाही ना, ते वर ओरडणार, आणि तेव्हा ही बटणं कशी निघतात ते बघू. जणू हिनं आधी चार पोरं वाढवली होती. खरं तर आम्ही दोघीही पहिलटकरणीच.

वैजयंतीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, प्रमोददादाची बायको. तिला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला जायला माहेर नव्हतं. मी मात्र रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात कराडला माहेरी आले आणि आईवर एकदम दोन बाळंतपणं येऊन पडली. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मी आता दवाखानाच काढलाय.

बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही आणायचं नाही, हा आईचा दंडक. वहिनी म्हणायची, बाळाचं कुठं आणतेय, माझं आणतेय. ती टेलिफोनच्या ऑफिसात होती आणि रजा संपली की कामावर जायचं होतं, म्हणून तिची सगळी तयारी आधीपासून चाललेली. गाऊनला पुढून बटणं हवीत की चिरा, यावर आमचा वाद रंगला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी."

एके दुपारी वहिनी मला पेठेतल्या दुकानात घेऊन गेली. बाळंतिणीनं घालायच्या ब्रा मागायच्या, त्याही गल्ल्यावर बसलेल्या पुरुषाकडे, म्हणून मी दारातच पायाच्या बोटानं फरशी उकरत उभी राहिले. वहिनीनं खणखणीत आवाजात मागितल्या. त्यानं सगळ्यात वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. एकच माप, एकच रंग, कापड नायलॉनचं. वहिनीनं ब्रा उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि त्याला शांतपणे विचारलं, हे उन्हाळ्यात दिवसभर छातीशी बांधून तुम्ही बसाल का? दुकानदार खोकं घेऊन आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. वहिनीनं मग साध्या सुती ब्रा घेतल्या, रुंद पट्ट्यांच्या, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या. दूध भरलं की माप वाढतं आणि घट्ट कपड्यानं गाठी होतात, हे तिला ऑफिसातल्या बायकांनी सांगितलं होतं.

घरी येऊन तिनं त्या नव्याकोऱ्या ब्रांना कात्री लावली. पुढचा भाग पट्टीपासून सोडवला आणि तिथं हूक बसवला, म्हणजे बोटानं काढला की झडप खाली. आत ठेवायला जुन्या धोतराच्या घड्या शिवल्या, दूध टिपायला. एका ब्राला तर मधोमध दोन गोल भोकं पाडून कडेनं काज्याचा टाका घातला. ऑफिसात दूध काढायला तिनं काचेचा पंप आणला होता, रबरी फुगा दाबायचा तसला. त्याचं तोंड भोकात बसवलं की एका हातानं फुगा दाबायचा आणि दुसऱ्या हातानं डब्यातली पोळीभाजी खायची, असा तिचा बेत. आईनं ती ब्रा दोरीवर बघितली आणि विचारलं, "हिला उंदरानं खाल्लं का काय?" मग आमच्या तिघींची हसता हसता पुरेवाट झाली.

गाऊन तिनं सगळ्यात शेवटी शिवला. गडद जांभळं सुती कापड, त्यावर पांढरी बारीक फुलं. छातीवर दोन चुण्या आणि चुण्यांच्या आत लपलेल्या चिरा, त्यांना टिचबटणं. अंगठ्यानं ओढलं की उघडायचं, दाबलं की मिटायचं. तिनं उशी हातावर घेतली आणि एका दमात उघडून दाखवलं.

"छापाचंच कापड घ्यावं," ती म्हणाली. "त्यावर ओल दिसत नाही. तुझा नंतर शिवते."

तिची सानिका माझ्या तन्मयच्या आधी पंधरवडाभर आली. बाळंतिणीच्या खोलीत आम्ही दोघी, दोन पाळणे, शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, आणि रोज अळिवाच्या लाडवांवरून आईची बोलणी. वहिनी सदानकदा त्या जांभळ्या गाऊनमध्ये. संध्याकाळी उतरवून लगेच धुवायची, सकाळी पुन्हा घालायची. दुधाचा कपडा शिळा ठेवू नये, पोराच्या अंगावर उठतं, असं मला दहादा सांगायची. मी माझ्या गुलाबी गाऊनची बटणं काढेपर्यंत तन्मय घर डोक्यावर घेई आणि ती गालात हसे.

त्या दिवशी तिला रजा वाढवायच्या कामासाठी ऑफिसात जाऊन यायचं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच साडी नेसली. पंप सोबत न्यायचा होता. काच फुटू नये म्हणून तिनं अंगावरचा उतरवलेला गाऊन त्याला गुंडाळला आणि ते सगळं कापडी पिशवीत घालून पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली. सानूला पाजलं. मग उठून तिला माझ्या मांडीवर दिलं. दोरीवरचा रुमाल आणायचा राहिला होता.

"हिला जरा धर गं," ती म्हणाली. "मी आलेच."

परसात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं बादली. दोन्ही पोरं माझ्यापाशी, मी उठू शकत नव्हते, म्हणून आईला हाक मारली. आईची किंकाळी ऐकली तेव्हा कळलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. फुप्फुसात रक्ताची गाठ गेली, बाळंतिणींना कधीकधी होतं, असं डॉक्टर म्हणाले.

सानूला मी अंगावर घेतलं. दुसरं कोण घेणार होतं? ती वहिनीच्या अंथरुणावर झोपायची, म्हणून मीही तिथंच निजायला लागले, तिच्या चादरीवर, तिच्या उशीवर. सानू प्यायची. कुरकुरायची, पण प्यायची. सुतकात घरातलं कुणी कशाला हात लावत नव्हतं.

दहाव्याला मंडळी घाटावर गेली आणि इकडे भावकीतल्या बायकांनी घर धुऊन काढलं. सुतक फिटलं की सगळं धुवायचंच असतं. चादरी, उशीचे अभ्रे, गोधड्या, पाळण्यातली दुपटी, सगळं उकळत्या पाण्यात गेलं. वहिनीच्या साड्या मागच्या दारानं वाटून टाकल्या, तिच्या त्या शिवलेल्या ब्रा कुणीतरी चुलीत घातल्या. घरभर गोमूत्र शिंपडलं. काका घाटावरून आले आणि म्हणाले, कावळा लगेच शिवला. शेजारच्या गोदाक्का म्हणाल्या, सुटली बिचारी, काही इच्छा राहिली नव्हती. मला इतका संताप आला. एवढीशी लेक मागं ठेवून गेलेल्या बाईची काही इच्छा राहिली नव्हती? कावळ्याला काय कळतंय, असं मी बोलून गेले आणि आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्याच संध्याकाळी सानूनं दूध सोडलं. तोंड लावायची, हुंगायची आणि मान फिरवून रडायची. आधी वाटलं पोट दुखतंय. दुसऱ्या दिवशीही तेच. माझंच दूध काढून आईनं बोंडल्यानं पाजून बघितलं, तर सानू तोंडात धरून ठेवायची आणि कडेनं सोडून द्यायची. रडण्यातला जोर कमी व्हायला लागला, ते तर फारच भयानक होतं. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. आजार असा काही नाही म्हणाले, पण उद्यापर्यंत प्यायली नाही तर भरती करून नळीनं पाजावं लागेल.

गोदाक्कांनी निदान केलं. उंबऱ्यात बसून, पदर तोंडाशी धरून, पण मला ऐकू येईल अशा बेतानं त्या आईला म्हणाल्या, "आईनं बोलावणं धाडलंय लेकीला. ही राहायची नाही."

आई एरवी असल्या बोलण्याला भीक घालणारी नव्हती. पण तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, पाळण्याखाली विळा ठेवला, आणि दाराकडे बघत हात जोडून म्हणाली, नको गं बाई नेऊस, आम्ही नीट सांभाळतो. दादा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. आत यायचं नावच घेईना.

इकडे माझी छाती दगडासारखी झालेली. एकटा तन्मय किती पिणार? आई म्हणाली, वैजूचा तो पंप कुठं आहे, थोडं काढून टाक, नाहीतर ताप भरेल. मी दारामागं गेले. खुंटीवर दादाचा कोट होता आणि कोटाखाली ती पिशवी. धुणाऱ्या बायकांना ती दिसलीच नव्हती. मी अंथरुणावर बसून पिशवीचं तोंड सोडलं.

वहिनी आली. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. वास शेपांचा, धुरीचा, खोबरेलाचा, आणि तिच्या दुधाचा, वाळलेल्या. आणि शेजारी मलूल पडलेल्या सानूनं मान वळवली. पिशवीकडे. तोंड उघडून शोधायला लागली.

मी आईला हाकही मारली नाही. होता तो ब्लाऊज काढला आणि तो गाऊन अंगात घातला. वहिनी माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. तिच्या मापाच्या चिरा माझ्या बरगड्यांवर येत होत्या. मी कापड वर ओढून दातांत धरलं, अंगठ्यानं टिचबटणं सोडली आणि सानूला घेतलं. ती हुंदके देत देत प्यायली. आई दारात आली आणि तिथंच खाली बसली.

सानू वाचली. पण त्यानंतरचे दिवस मला अजूनही आठवायला नको वाटतात. सानूला पाजायचं म्हटलं की तो गाऊन, आणि तो धुवायचा नाही. तन्मयला तो चालत नसे. मी त्या गाऊनमध्ये जवळ घेतलं की तो परक्या बाईनं उचलल्यासारखा किंचाळायचा. त्याच्यासाठी उतरवायचा, सानूसाठी चढवायचा. खाली बघितलं की जांभळ्या बाह्या दिसायच्या, त्यातून निघालेले हात, हातावर सानूचं डोकं, आणि ते हात माझे आहेत याची खात्री वाटेनाशी व्हायची. मी दातांत कापड धरून बसलेली असे, त्यामुळे बोलताही येत नसे. मला भीती वाटायची, अगदी भरदिवसा. आई जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून माझ्याकडे न बघता जायची. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, वैजू, पाणी ठेवू का? आणि मग तिनं आपलंच तोंड दाबून धरलं.

दादा एकदाच आत आला. मी खिडकीकडे तोंड करून पाजत होते. पावलं दाराशी थांबली. मी वळले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते विझताना मला दिसलं. तो आल्या पावली परत गेला आणि त्या दिवशी जेवला नाही.

गाऊन आंबला. उशाशी मोगरा ठेवून झोपणारी वहिनी, तिच्या गाऊनला आता नासलेल्या दुधाची घाण यायला लागली. सानूच्या गालावर, जिथं कापड घासायचं तिथं, लाल चट्टा उठला आणि पसरत मानेपर्यंत गेला. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं की पोरीला लागणारा कपडा रोज धुतलेला हवा. वहिनीनं तर हे बघून मला चिमटेच काढले असते.

धुवायला हवा हे मला कळत होतं. धुतला आणि ती पुन्हा प्यायची थांबली तर? मी म्हणाले, दोन दिवस जाऊ देत. दादा म्हणाला, धुवायचा नाही. आईनं सानूच्या गालाला मलम लावलं. दुपारी मी तन्मयला झोपवून बघते तर खुंटीवर गाऊन नाही. मागच्या खोलीत दादा तो मांडीवर घेऊन बसला होता. एक टिचबटण दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

"धुतला तर मग काय उरतं गं तिचं?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याजवळ बसले. सानू आहे ना, असं म्हणायला हवं होतं, पण तेव्हा सानूच त्या गाऊनच्या आधारानं जगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले तर आई परसात दगडावर बसून तो गाऊन धूत होती. साबण लावून, चोळून, पिळून, पुन्हा साबण लावून. मी धावले. ओसरीवरून दादाही आला. मी ओरडले की आई, काय केलंस हे, ती आता प्यायची नाही. आईनं हात थांबवले नाहीत.

"आणि नाही धुतला तरी अंगभर उठून जाईल ती," आई म्हणाली. "किती दिवस त्या वैजूला राबवायचं रे? गेली ना ती? मेल्यावर तरी तिला उठू द्या बाळाजवळून."

आत सानू जागी झाली होती.

मी आत गेले. अंगात माझं साधं परकर-पोलकं. सानूला घेतलं. तिनं नेहमीसारखं हुंगलं, कपाळाला आठी घातली आणि रडायला लागली. मी तिला जवळ धरलं, दूर धरलं, पुन्हा जवळ धरलं. दारात आई ओल्या हातांनी उभी, तिच्या मागं दादा. मी मनात म्हणत होते, वहिनी, ये गं, एकदाच ये. सानूनं रडता रडता तोंड लावलं. सोडलं. पुन्हा लावलं. आणि प्यायला लागली.

घटाघट प्यायली. डोळे मिटून, माझ्या पोलक्याची कड मुठीत धरून. आईनं देवाला हात जोडले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ मला त्या एवढ्याशा पोरीचा राग आला. इतक्यात विसरलीस? तिला आठवणीत ठेवणारं खरं तर तूच होतीस. आम्ही नुसते रडत होतो. असं मनात येत होतं आणि माझे अश्रू तिच्या टाळूवर पडत होते.

सानू झोपल्यावर मी परसात गेले. गाऊन दोरीवर ठिबकत होता. दादा त्याच्यापुढं उभा होता, ओलं कापड दोन्ही हातांनी तोंडाशी धरून.

"साबणाचा वास येतोय," तो म्हणाला. "नुसता साबणाचा."

पुढं मी सानूला पुण्याला घेऊन आले. दूध सुटेपर्यंत ती माझ्याकडेच होती, मग दादा आणि आईजवळ वाढली. गाऊनची आईनं दुपटी शिवली. सानूनं ती वर्षभर भिजवली आणि ती विरून गेली. यातलं तिला कुणी काही सांगितलेलं नाही. आईचा फोटो तिनं पाहिलाय, आई कशानं गेली हे माहीत आहे, तेवढंच.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली. सातवा चालू आहे. म्हणाली, आत्या, फीडिंगचे कपडे घ्यायचेत, चल माझ्याबरोबर. आता दुकानं काचेची, विकायला बायका, आणि भिंतभर ब्रा आणि कुर्ते, चेनचे, चिरांचे, पंपाचे वेगळे. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले आणि तिला तिचं बघू दिलं. तिनं एक कुर्ता काढला. शिवण आतून तपासली, त्यावर अंगठा फिरवला. मग समोरच्या आरशात बघत तो अंगावर धरला, खांद्यावरची पर्स डाव्या कोपरात घेतली, तान्ह्या पोराला घेतात तशी, आणि उजव्या अंगठ्यानं चीर उघडून बघितली.

मी खुर्चीत पुढं सरकले.

"हे असं बघायला कुणी शिकवलं गं तुला?" मी विचारलं.

"कुणी कशाला शिकवायला हवं?" सानू म्हणाली. "हात मोकळा कुठं असणार आहे?" मग तिनं दुसऱ्या खुंटीवरचा गडद छापाचा एक कुर्ता उचलला, पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि घालून बघायच्या खोलीकडे निघाली.

"जरा धर गं आत्या," ती म्हणाली. "मी आलेच."

पडदा ओढला गेला. मी पर्स छातीशी घट्ट धरून उभी राहिले. दुकानातली मुलगी मला पाणी हवंय का विचारत होती. सानू बाहेर येईपर्यंत मी पडद्यावरून नजर हलवली नाही.